कालची भाजी आणि माझा डबा

मी, वय छप्पन्न, धंदा फ्रीज दुरुस्तीचा, शिक्षण सातवी, पुढचे सारे शिकणे पुस्तके वाचून आणि भंगारातली यंत्रे उघडून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता, माझ्याच हाताने लिहीत आहे. खाडाखोड करण्याची मला सवय नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला.

२. हत्यारे मुलीला, पुसून ठेवावीत. फ्रीजमधल्या डब्यांवर मी चिकटवलेल्या तारखा पाहून ती एकदा म्हणाली होती, "बाबा, माझ्यावरही एक चिकटवा ना, मी कधीपर्यंत चालेन?" मी रागावलो होतो. चूक माझी होती.

३. "दाजी कचऱ्याची बादली बॅटरी मारून तपासतात," असे मेहुण्याने चारचौघांत सांगितले. खरे होते, म्हणून फार लागले. ती बॅटरी त्याला द्यावी.

४. फ्रीज पत्नीला, आणि सोबत ही कबुली. अन्न टाकायचे नाही, उरलेले दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भरायचे, हा नियम माझा. तो डबा मी चार वर्षे दुकानामागे ओतला आणि समोरच्या खाणावळीत गरम जेवलो. एकदा पत्नी माझा विसरलेला चष्मा घेऊन आली, तेव्हा डबा माझ्या हातात उपडा होता. "चष्मा ठेवलाय," एवढेच बोलून ती गेली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात ताजे येऊ लागले. शिळे कुठे जाते, हे मी सात वर्षे विचारले नाही. बादली रिकामी दिसायची, मी चारचौघांत मिरवायचो. गेल्या महिन्यात लवकर घरी आलो. ती ओट्याशी उभ्याने कालचा भात खात होती. मला पाहून तिने ताटली लपवली. मला पाहून.

५. माझ्या मागे तिने उरलेले खुशाल टाकावे.

सहीआधी हे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुम्ही मरेपर्यंत थांबू होय? आणि टाकायचं कशाला? बेतानं शिजवू. कालची भाजी आहे, बसा जेवायला."

दोन ताटे घेतली. ती बसून जेवली. भाजीची चव उतरली होती. मी ताट पुसून खाल्ले. पाचवे कलम खोडले आहे. खाडाखोड एवढी एकच.

साक्षीदार: १. शेजारच्या दुकानातले वेल्डर (डबा ओतताना यांनी पाहिले आहे). २. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका.
जिला मिळायचे तिची साक्ष चालत नाही, म्हणून पत्नीची घेतली नाही. एरवी खरी साक्षीदार तीच.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर. गुरुवार, ता. १४, दुपारी दोन, जेवणानंतर.
(सही)