गोल खिडकीची खोली

लोणावळा, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९३७

ह्यांनी मला न विचारता विलायतेच्या बोटीवरची खोली ठरवूनही टाकली. इंजिनाजवळची, बिनखिडकीची. मी गोल खिडकीची मागितली तर म्हणाले, "तुला बोट लागणार. आडवीच पडशील, खिडकी काय करायचीय?" बोटीत अजून दोघांनीही पाऊल ठेवलेलं नाही. पण खंडाळ्याच्या घाटात गाडीत दर वेळी ओकतं कोण? मी तर नाही. सुएझला उतरून पिरॅमिड पाहायलाही हे एकटेच जाणार, मी म्हणे बोटीवर पेट्या राखायच्या. दुपारपासून डोकं तापलंय.

खोलीचा नि पिरॅमिडच्या सहलीचा बोट कंपनीला पाठवायचा अर्ज पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिलाय. ह्यांचं खोडून गोल खिडकीची खोली लिहिली, सहलीत माझं नाव घातलं, पाकीट चिकटवलं. खिडकीशी मी बसेन. हे आडवेच पडणार आहेत.