खालच्या खणातली लोकर

प्रिय आई,

जी बाई आयुष्यभर भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहीत राहिली, तिला स्वतःला कशाची भीती वाटत असेल? गेले तीन महिने कॉलेजातले आम्ही दहा जण हाच प्रश्न घेऊन बसलोय, आणि मला अजून त्याचं उत्तर देता येत नाही.

त्या बाईवरचं, युफेमिया लेस्कवरचं आमचं नाटक फोनवर तुला नीट सांगता आलं नाही. त्याला लिहिलेली संहिताच नाही. तालमीच्या खोलीत भिंतभर तपकिरी कागद लावलाय. सुचलं की उठून करून दाखवायचं, आवडलं तर कागदावर लिहायचं. एकदा कागदावर गेलं की ते सगळ्यांचं. कुणी आणलं, हे पुन्हा बोलायचं नाही. मला हा नियम फार आवडायचा. खिडकीबाहेर समुद्रावरचं धुकं चढत यायचं, आम्ही अनवाणी फिरत असायचो, आणि वाटायचं, दहा जण मिळून एकच स्वप्न बघतोय.

जानेवारीत फर्ग्युस म्हणाला, लहानपणी जिची भीती वाटली अशी वस्तू प्रत्येकानं घरून आणा. तो आमचा म्होरक्या, कुणी नेमला नसला तरी. आयोनानं आजोबांची कवळी आणली. म्हणाली, "झाकून ठेवा, नाहीतर माझ्याआधी हीच बोलायला लागेल." मी निळा स्वेटर आणला.

तू मासे धुरात वाळवायच्या शेडमधून घरी यायचीस, चहा ठेवायचीस, विणायला बसायचीस. दर फेब्रुवारीत तोच स्वेटर उसवायचीस आणि थोडी नवी लोकर जोडून पुन्हा विणायचीस, एक माप मोठा. तो कुणीच घालत नसे, खालच्या खणात पडून असायचा. मला वाटायचं, घरात मला न दिसणारं कुणीतरी आहे, आणि ते वाढतंय. सात वर्षांची असताना मी जीन मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तुझा भाऊ गं, रॉरी. तुझ्याआधीचा. नऊ दिवस होता. आईजवळ विषय काढू नकोस हो." मी कधीच काढला नाही. तालमीत मात्र सगळं सांगून टाकलं.

फर्ग्युस उठला आणि त्यानं कागदावर लिहिलं : युफेमियाची आई विणते. युफेमियाच्या आईचं एक मूल गेलं होतं, एवढीच ओळ आम्हाला सापडली होती. उरलेली बाई आम्ही तुझ्यातून घेतली. मीच तिचं काम करायचे, तुझ्यासारखी मान तिरकी धरून.

इतके दिवस आम्ही बाजारातल्या लोकरीवर तालीम केली. मंगळवारी दिव्यांखाली पहिल्यांदा खरा स्वेटर उसवला. धागा दहा जणांच्या हातांतून रंगमंचभर पसरला. इतक्या वेळा विणून त्याला कायमच्या लाटा पडल्यात, आणि जोडलेल्या ठिकाणी निळा रंग दर वेळी थोडा वेगळा. "तू काही करू नकोस," फर्ग्युस हळूच म्हणाला, "लोकरच सगळं करतेय." इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. आयोना म्हणाली, "शुक्रवारी तुझी आई येतेय ना? केवढी खूश होईल."

खोलीवर आले तर तुझं पत्र. बसचं तिकीट काढलंस, नवे बूट घेतलेस, जूनमध्ये पदवीदानालाही तेच घालणार. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : 'खालच्या खणातलं काही नेलंयस का? नेलं असलंस तरी चालेल. नुसतं कळव.'

काय ते तू लिहिलं नाहीस; पण फेब्रुवारी लागलाय. आई, नाटक खरं हवं, म्हणून सगळ्यांशी भांडणारी मीच. पण ते खरं तुझं होतं, आणि तुला न विचारता ते मी परक्यांच्या हातात दिलं.

आज सकाळी मी ते दृश्य काढायला सांगितलं. फर्ग्युस भडकला. "परवा प्रयोग आहे, बाई! ती तुझी आई आहे हे कुणाला कळणार?" मी म्हटलं, "तिला." शेवटी त्यानंच भिंतीवरची ती ओळ खोडली. माझ्याशी अजून बोलत नाही. नाटक सात मिनिटांनी लहान झालंय.

शुक्रवारी तू यावंस, दारात मला रागावलीस तरी चालेल. पण त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं, म्हणून लिहिलं. मी स्वेटर पुन्हा विणून पाठवणार होते. दोन ओळी विणल्या आणि थांबले. यंदा रॉरीचं माप काय, ते तुलाच ठाऊक. सगळी लोकर गुंडाळली, हे पत्र वर ठेवायला जागा सोडून खोका भरला, आणि दुपारच्या टपालाचे पैसे भरून आले, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल.

तुझीच,
कर्स्टी