घर फिरवू नकोस

तीर्थरूप मामा,

खाली वाकून नमस्कार केला आहे असं समजा (खरोखर वाकले तर कोपर लागून टेबलावरचा मनोरा पडेल, मनोरा कसला, ते पुढे येईल). पत्र टपालानं न येता दाराच्या फटीतून आत आलं म्हणून दचकू नका. आधी बसा, चष्मा लावा, आणि दार उघडायची घाई करू नका. का, तेही पुढे येईल.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर मला येत नाही हेही कबूल करते. ज्या घराला वजनच नाही, ते अधांतरी राहिलं तर त्याला उभं राहणं म्हणायचं का? पदवीच्या परीक्षेत असं काही आलं नव्हतं. आलं असतं तर मी पानंच्या पानं लिहिली असती आणि तरी उत्तर आलं नसतं.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. बाबांच्या इमारतीतली लिफ्ट परवा मध्येच अडकली आणि आत अडकलेले साहेब लोक "लिफ्टमन कुठे मेला?" म्हणून ओरडत राहिले. बाबा त्यांच्या शेजारीच उभे होते. (लिफ्टमन लिफ्टमध्येच असतो, हे लोक फार लवकर विसरतात.) आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी राहून पाय सुजवून घेते आणि मी काही बोलले की "तू शिकलीस, तू बस" म्हणते. धाकटी शाळा संपवून घरी आहे आणि तिनं मला 'पदवीधर बाई' हे नाव ठेवलं आहे. पदवीधर बाई, गॅस बंद करा. पदवीधर बाई, चपला उलट्या घातल्यात. निकाल लागल्यापासून हे चालू आहे आणि तिला त्याचा कंटाळा येत नाही.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या कचेरीतली चौकशीच्या खिडकीमागची खुर्ची रिकामी झाली, तुम्ही साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकलात, आणि साहेब म्हणाले की तिथे पदवी लागत नाही, असली तर तेवढीच शोभा. वाचून डोळे भरून आले. (शोभेचं वाक्य मी दोनदा वाचलं.) कधी रुजू होतेस, असं तुम्ही विचारलंत. उत्तर याच पत्रात आहे, पण आधी तुम्ही दिलेल्या लॅपटॉपची हकिकत सांगायला हवी, नाहीतर उत्तर वेड्यासारखं वाटेल.

तुम्ही कौतुकानं दिलेला लॅपटॉप पहिले काही दिवस आमच्याकडे पाहुण्यासारखा राहिला. आईनं त्याला स्वच्छ पंच्यात गुंडाळलं, बाबांनी त्याच्यासाठी फळी रिकामी केली, आणि त्याच्या जवळ चहा प्यायची कोणाची छाती होईना. मग एक दिवस बाजारामागच्या गल्लीतल्या एका कार्यशाळेच्या काचेवर मी पाटी वाचली. तिथे दुकानांसाठी आणि प्रदर्शनांसाठी खेळण्यातल्या विटांच्या प्रतिकृती बनवतात, त्याच त्या डोक्यावर गोल बटणं असलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या विटा. त्यांना रचना करणारं माणूस हवं होतं. अट एकच: अमुक सॉफ्टवेअरमध्ये एक घर रचून आणा, आम्ही ते तुमच्यासमोर खऱ्या विटांनी बांधून बघू.

मी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि मामा, काय सांगू! पडद्यावर एका बाजूला विटांचे खण असतात. खणातून वीट उचलायची, हवी तिथे न्यायची, सोडायची. टक् करून बसते. आणि खण रिकामा होत नाही! लाल वीट उचलली तर त्या जागी लाल वीट तशीच हजर. आमच्या घरात जे उचलावं ते कमी होतं: साखर, साबण, बाबांच्या रजा. मी खुळ्यासारखी नुसत्या विटा उचलत बसले, कधीतरी संपतील म्हणून. संपल्या नाहीत. एका क्लिकनं सगळी भिंत हिरवी, दुसऱ्या क्लिकनं पिवळी (आणि इकडे घरमालकाला रंगाचं विचारून विचारून बाबांचा घसा बसला). चुकलेली वीट मागे घेतली तर खूण राहत नाही, भिंत रुसत नाही. इतकी क्षमाशील वस्तू मी आजवर पाहिली नव्हती.

साहजिकच मी घर न रचता आदर्श नगर रचलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. नगराच्या मधोमध भलंमोठं ग्रंथालय, प्रत्येक घराला सारख्याच खिडक्या, कुठेही कुंपण नाही, आणि सगळ्यांना सकाळचं ऊन सारखं. मी अभिमानानं धाकटीला दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "पदवीधर बाई, या गावात संडास कुठाय?" मी तो शोधायला गेले तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा घोंगावला, पडदा काळा झाला, आणि समतेवर आधारलेला तो अख्खा समाज संडासाविना लयाला गेला. जतन करायचं राहिलं होतं.

मग मुकाट्यानं एक साधं दोन मजली घर रचायला घेतलं. संध्याकाळी सगळे कामावरून आले की लॅपटॉप आईच्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचा आणि चौघांनी समोर बसायचं, असं सुरू झालं. बाबांना जिना हवा होता. मला वाटलं, लिफ्ट मागतील. "जन्मभर वर-खाली करतोय," ते म्हणाले, "पायरी एक चढलो नाही. जिना घाल." घातला. "अजून एक पायरी टाक." टाकली. "अजून एक." शेवटी जिना खालच्या मजल्याच्याही वर निघाला, तरी त्यांचं समाधान होईना. आईला एक खिडकी हवी होती, टेबलासमोर, कारण दुकानात ती भिंतीकडे तोंड करून इस्त्री करते. मात्र तिला रस्ता दिसावा आणि रस्त्याला ती दिसू नये. आम्ही काचेच्या विटा लावून, काढून, पुन्हा लावून ते साधलं. आणि धाकटीनं मागितली खाली-वर होणारी झडप असलेली एक खिडकी, तिच्यामागे खुर्ची. बस्स. खिडकीबाहेर तिनं सॉफ्टवेअरमधली छोटी माणसं रांगेत उभी केली आणि त्यांच्याशी बोलायला लागली. "ढकलू नका, सगळ्यांचं होणार आहे. आजोबा, तुम्ही पुढे या, तुम्ही कधीचे उभे आहात. नाही हो, तुमची चूक नाही, तुम्हाला आधीच्यानं खिडकीच चुकीची सांगितली." मग झडप पाडून, "जेवणाची सुट्टी!" आम्ही हसून हसून बेजार. पण मी बघत होते, सुट्टी होण्याआधी तिनं रांग पूर्ण संपवली होती.

आता मुख्य आपत्ती. या सॉफ्टवेअरमध्ये घर सगळीकडून फिरवून बघता येतं. पहिल्याच संध्याकाळी मी ते फिरवलं आणि आईनं टेबलाची कड घट्ट धरली. "घर फिरवू नकोस! मला चक्कर येते!" मी हळू फिरवून बघितलं. तिला हळू चक्कर आली. तेव्हापासून घर फिरवायची बंदी झाली. आई नसतानाही मी फिरवलं नाही, कारण शब्द दिला होता (शब्द पाळण्याच्या या सवयीनं माझं एक दिवस वाटोळं होईल असं धाकटी म्हणते). परिणाम असा की आम्ही अख्खं घर समोरून रचलं. समोरून ते इतकं सुरेख दिसत होतं, मामा, की आमच्यापैकी कोणीही त्याच्यासमोर मोठ्यानं बोलत नसे. बाबा तर एकदा चपला काढून बसले.

कार्यशाळेत सगळे माझ्याबरोबर आले. आईनं इस्त्रीची साडी, बाबांनी गणवेशाची पँट आणि वर स्वतःचा शर्ट. तिथे भिंतभर पारदर्शक डबे, त्यात रंगांप्रमाणे विटा, आणि विटांचा तो कोरड्या पावसासारखा आवाज. मी पहिल्यांदाच त्यातली वीट हातात घेतली. पडद्यावर मी हजारो उचलल्या असतील, पण हिला टोकं होती, ती बोटाला रुतली. मला उगाचच रडू आलं. तिथल्या मुख्य बाई, गळ्यात चष्मा, बोलणं तुटक, पडद्यावरच्या क्रमानं बांधत गेल्या. खालचा मजला झाला. बाबांचा जिना झाला, आईची खिडकी झाली, धाकटीची झडप झाली, आणि आम्ही त्या तिघांच्या नावानं ठेवलेली छोटी माणसं आपापल्या जागी बसली. मग बाईंनी माडी हातात धरली आणि थांबल्या.

"ही कशावर बसते?"

मी पडद्याजवळ गेले आणि घर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, फिरवलं. आईनं डोळे मिटून घेतले. माडी कशावरच बसत नव्हती. खालच्या मजल्यापासून विटेभर वर, हवेत, खुशाल तरंगत होती. सॉफ्टवेअरला वजन कळत नाही, त्यानं कधी तक्रार केली नाही. आणि घराला मागची भिंत नव्हती. राहिली नव्हती, मुळात कधी नव्हतीच.

"मागे कोणी बघितलंच नाही?" बाई म्हणाल्या.

"मला चक्कर येते," आई अपराधी आवाजात म्हणाली.

बाईंनी माडीवरचा हात काढून घेतला. माडी पडली. मामा, तो आवाज फार मोठा नव्हता, पण माझी अख्खी पदवी घरंगळत टेबलाखाली गेल्यासारखं वाटलं. बाबा लगेच गुडघ्यांवर बसून विटा गोळा करायला लागले आणि बाईंना समजावू लागले की मध्येच अडकणं मजल्यांना नवीन नाही, ते रोज बघतात.

मी माफी मागायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला बाबांचा जिना दिसला. बाहेरच्या बाजूला, खालच्या मजल्याच्या वर विटेभर डोकं काढून, कुठेही न जाणारा. मी तो उपटला आणि घराच्या आत, मधोमध लावला. माडी उचलून त्यावर ठेवली. बाबांनी हट्टानं मागितलेली ती शेवटची पायरी त्या विटेभर फटीत बरोबर बसली. टक्. पडद्यावरचं टक् वेगळं आणि हे वेगळं. हे बोटातून खांद्यापर्यंत जातं. मी हात सोडला. घर उभं राहिलं. आम्ही चौघं त्याच्याकडे असे बघत राहिलो की जणू ते आता बोलणार आहे.

मग मी मागची भिंत घालायला वीट उचलली, तर आईनं डोळे उघडले होते. ती उलट्या बाजूनं घरात बघत होती. "राहू दे गं," म्हणाली, "इथून सगळे दिसतायत." खरंच दिसत होते. जिन्यावरचे बाबा, टेबलापाशी ती, खिडकीमागे धाकटी. बाईंनी मागून घरात हात घातला, जिन्यावरच्या बाबांना एक पायरी वर चढवलं, आणि म्हणाल्या, "पोरांचा हात इथून आत जाईल. भिंत नकोच." मग घर स्वतःभोवती एकदा फिरवून मला विचारलं, "आणि यात तू कुठे आहेस?"

मी कुठेच नव्हते. सगळ्यांना जागा करता करता मला सुचलंच नव्हतं. "मी रचत होते," एवढंच मला म्हणता आलं. बाईंनी मान हलवली, हे उत्तर त्यांना नेहमीच मिळत असल्यासारखी.

असो. पत्र लांबलं. खुर्चीबद्दल तुम्ही साहेबांना दिलेला शब्द खाली पडू देणार नाही, हे नक्की समजा. मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमची भाची,
पदवीधर

ता. क. लॅपटॉप सुखरूप आहे. फक्त पंखा लिफ्टसारखा आवाज करतो. बाबा कान लावून ऐकतात आणि म्हणतात, वर चाललाय.

ता. क. वर लिहिलेला मनोरा म्हणजे एका घड्याळाच्या दुकानाची मागणी आहे. सोमवारपासून मी इथे कामाला लागले. हे पत्रही कार्यशाळेच्या टेबलावरच लिहिते आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही नको म्हणाला असता, मी तुमचा शब्द मोडत नाही, आणि मग मी कुठेच नसते. मनोरा मी रोज सकाळी सगळीकडून फिरवून बघते. आईला सांगू नका.

ता. क. शेवटचा, आणि खरं तर एवढ्यासाठीच सगळं पत्र. त्या खिडकीमागे पदवी लागत नाही असं साहेबच म्हणाले आहेत. रांग कशी संपवायची हे ज्याला कळतं असं माणूस मी वर तुम्हाला दाखवलं आहे. पुढचं शिक्षण धाकटी बाहेरून करील, पुस्तकं मी पाठवीन, ते माझ्याकडे लागलं. आईनं तिची बॅग भरली, बाबा तिला गाडीत बसवून देतील, आणि पत्र दाराखालून सरकवून, तुमचं वाचून होईपर्यंत बेल वाजवायची नाही असं मी तिला बजावलं आहे. तुम्ही सावकाश वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून पायरीवर बसायला सांगितलंय. मामा, आता उठा, दार उघडा. तिला ऊन सोसत नाही.