सहीची कोरी जागा

बाबा, तुमाले समताचा वॉशिंग्टनहून जयभीम.

मी मजेत हाये. अमडापूरच्या बाजारातून आईले गुडघ्याची पट्टी आणली का?

इथं राजधानीत राहणाऱ्यायच्या प्रतिनिधीले संसदेत मत नाही, अन् शहराच्या कारभारात शेवटचा शब्द मात्र संसदेचाच. परवा राष्ट्राध्यक्षपदाचा एक उमेदवार वस्तीत आला. "आमचा कारभार आमाले कधी देता?" मी विचारलं, तं हासून म्हणे, "पाहू." तुम्ही ग्रामसभेत करता तसं मी त्याचं उत्तर कागदावर लिहिलं अन् सही मागितली. "सभा संपली," म्हणून तो निघून गेला, आपल्या सरपंचासारखाच.

सहीची जागा कोरी ठेवून मी तो कागद बिल्डिंगीतल्या दोनशे दारांवर लावला. आज त्याचा माणूस धावत आला. साहेब वचन लिहून द्याले तयार हायेत म्हणे.

मी म्हटलं, "सभा संपली."

आईले सांगू नका, ती घाबरते.

तुमचीच पोरगी,
समता