रोजची वीस मिनिटं

असोदा,
९ जानेवारी २०२४

ती. सरिताअक्कास,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकली असशील. माझा फोन आठ दिवसांपासून आईच्या कपाटात आहे आणि किल्ली तिच्या कमरेला. जळगावच्या दिपमालाताईंचा हुकूम. मी दर मंगळवारी मानसोपचारासाठी जातो ना, त्या. रावेरच्या अपघाताचा व्हिडिओ मी दिवसातून वीसदा बघतो हे त्यांना कळलं. आता म्हणतात, आठवड्यातून एकदा एका माणसाला हाताने पत्र लिही. तू सापडलीस.

त्यांची रीत वेगळी आहे. आधी तासभर बोलायचं, मग बुद्धाच्या ध्यानातलं आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघत बसायचा. घरी रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून. एकविसावं मिनिट नाही. अपघातात गेलेल्या चिंधाचा आवाज आला तर लगेच डोळे उघडून जमिनीला हात टेकायचा, आणि ऐकलं ते वहीत लिहून मंगळवारी न्यायचं. शिवाय डॉक्टरांची गोळी, जेवण झाल्यावर एक.

आवाज अजून येतो, अक्का. मी केळीची ट्रॉली मागे घेताना तो मागे उभा राहून हात हलवत म्हणायचा तसाच, येऊ दे, येऊ दे. त्या दिवशी तो बस म्हणालाच नाही, की म्हणाला आणि ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, हे मला अजून कळत नाही. पोलिसांनी अपघात लिहिलं. मी काय लिहू?

आई एसटीने भरताची वांगी पाठवतेय. दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा तर ठेवच, थोडा वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझा,
योगेंद्र


धुळे,
१८ जानेवारी २०२४

चि. योगेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीने पाय उमटवल्यासारखंच आहे. दोनदा वाचलं तेव्हा लागलं. वांगी पोचली. दाजी भरीत खाऊन तासभर जागचे हलले नाहीत.

आता मुद्द्याचं. अमळनेरच्या रतिलालनानांची शीतल तुझ्यासाठी सांगून आली आहे. पतपेढीत नोकरी करते, सरळ मुलगी आहे. नाना २८ तारखेला घर बघायला येणार. मी आईला फोनवर सांगितलंय की गोळ्यांची पाकिटं फडताळातून हलव. लोक तर नाव ठेवायला टपलेलेच असतात. एकदा का वेड्याच्या गोळ्या खातो असं गावात झालं की पुढची दहा वर्षं कोणी दारात उभं राहायचं नाही. तू रागावशील, रागव. मोठ्या बहिणीने एवढं बघायलाच हवं.

ध्यान करतो हे मात्र आवर्जून सांग. ध्यान करणारा मुलगा कोणालाही चांगलाच वाटतो. दिपमालाताईंचं नाव काढू नकोस.

प्रकृतीला जप. आशीर्वाद तर आहेतच, पण ऐकत जा.

तुझी,
सरिताअक्का


असोदा,
६ फेब्रुवारी २०२४

ती. सरिताअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

नाना येऊन गेले. ध्यानाचं ऐकून खूश झाले, आजकालच्या पोरांमध्ये असं कुठे बघायला मिळतं म्हणाले. शीतलशीही बोललो. मला आवडली.

गोळ्या आईने मुगाच्या डब्यात तळाशी घातल्या, त्या अजून तिथेच आहेत. ती म्हणते, आते बठ्ठं ठीक शे, सगळं बरं आहे तर मग कशाला? मीही मागितल्या नाहीत. आता सकाळी दोन तास बसतो, संध्याकाळी दोन. घड्याळ काढून ठेवलं. दिपमालाताई मागच्या वेळी फार बोलल्या, म्हणून आज मंगळवार असून गेलो नाही.

काळजी करू नकोस, मी फार शांत आहे. हातपाय कुठे संपतात ते कळत नाही. चिंधा येतो, पण आता भीती वाटत नाही आणि डोळे उघडावेसे वाटत नाहीत. पूर्वी आवाज मागून यायचा, आता समोरून येतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी दहा दिवसांचं मौन शिबिर आहे, २१ तारखेपासून. फॉर्म फोनवरच भरावा लागतो. तेवढा भरशील?

लोभ कमी-जास्त कसाही चालेल.

योगेंद्र


धुळे,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. योगेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. वर्षभरात तू पहिल्यांदा शांत हा शब्द लिहिलास. मी दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. फक्त शेवटी तुझा लिहायला विसरलास, तेवढा दंड भेटल्यावर वसूल करीन.

फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता, मनाच्या आजारावर काही उपचार किंवा औषधं चालू आहेत का, असतील तर उपचार करणाऱ्यांचं पत्र जोडा. मी नाही या उत्तरावर बोट ठेवलं. खोटं तरी कुठे आहे? गोळी तू घेत नाहीस, जळगावला जात नाहीस. तिकडे कोणी विचारलंच तर तूही तेच सांग, नाहीतर परत पाठवतील आणि नानांना काय कारण सांगायचं?

होळीनंतर साखरपुडा धरतोय. दहा दिवस नीट बस आणि ताजा होऊन ये. आशीर्वाद पाठीशी आहेत.

तुझी,
सरिताअक्का


जळगाव,
२३ फेब्रुवारी २०२४

सौ. सरिताताई यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही माझे फोन उचलत नाही, म्हणून पत्र. योगेंद्र तीन मंगळवार आला नाही. काल असोद्याला गेले तेव्हा तुमच्या आई झुंबरबाईंनी शिबिराचं सांगितलं, आणि मुगाचा डबाही दाखवला.

ध्यान वाईट नाही, ताई. आमच्या घरात आजीपासून सगळे बसतात, मीही बसते. दहा दिवसांच्या शिबिराने कितीतरी माणसं सावरलेली मी पाहिली आहेत. पण योगेंद्रला मी वीसच मिनिटं का दिली होती? वर आलेलं तो लगेच कोणाजवळ तरी बोलू शकावा म्हणून. तिथे बोलायचं नाही, डोळे मिटून दिवसाचे दहा तास बसायचं, आणि गोळीही नाही.

त्याने घरी ठेवलेल्या वहीतलं शेवटचं वाक्य तुम्हाला कळायला हवं. त्याने लिहिलंय, चिंधा आता ट्रॉली मागे घे म्हणत नाही, माझ्या जागी येऊन उभा राहा म्हणतो.

शिबिराचे लोक माझं ऐकत नाहीत. फॉर्मवर तसं काही नाही, घरच्यांनी सांगितलं तर बघू म्हणतात. तुमचा एक फोन पुरे आहे. पत्र हातात पडताच करा, उद्यावर टाकू नका.

आपला लोभ नसला तरी चालेल, एवढं करा.

दिपमाला


जळगाव, सरकारी दवाखाना,
२९ फेब्रुवारी २०२४

दिपमालाताईंस,
सरिताचा नमस्कार.

तुमचं पत्र मला सोमवारी, २६ तारखेला सकाळी मिळालं. हे आधी लिहिते, कारण पुढे धीर होणार नाही. मी ते दोनदा वाचलं. दुपारी नाना साखरपुड्याची तारीख काढायला येणार होते. चारच दिवस राहिलेत, तो शांत आहे, आता सगळं का उधळायचं, असं म्हणून मी पत्र पोळपाटाखाली ठेवलं आणि पुरणाला लागले.

मंगळवारी पहाटे तो शिबिरातून कोणाला न सांगता निघाला. तिथल्या सेवकांनी शोधाशोध करून मला फोन केला. मी आईला घेऊन निघाले तोवर रावेरहून दुसरा फोन आला. चिंधाचा अपघात झाला त्याच केळी पॅकिंगच्या आवारात तो गेला होता. ट्रॅक्टर ट्रॉली मागे घेत होता आणि योगेंद्र चिंधाच्या जागी भिंतीला पाठ लावून उभा होता. डोळे मिटलेले, हात हलवत ड्रायव्हरला सांगत होता, येऊ दे, येऊ दे. नव्या ड्रायव्हरला वाटलं हमालच आहे. हाताएवढं अंतर राहिलं तेव्हा एका बाईने किंचाळून ट्रॅक्टर थांबवला.

इथे डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी बंद झाल्या आणि कोणी केल्या. नाना आणि शीतल शेजारीच उभे होते. मी सांगितलं, फॉर्ममध्ये नाही असं भरलं तेही सांगितलं. नाना निघून गेले. शीतल अजून बाहेर बाकावर आहे. का थांबली ते मी विचारलं नाही.

ताई, आज गुरुवार. तुम्ही मंगळवारची वाट बघू नका. त्याला एक ओरखडाही नाही. खाटेवर ताठ बसलेला आहे, श्वास संथ चाललाय. सगळे म्हणतात किती शांत दिसतो. मी जमिनीला टेकवायला त्याचा हात धरते, तो सोडवून घेतो, आणि डोळे मिटून पुन्हा तसाच हळूहळू हलवत राहतो.

सरिता