माझ्या कातडीची विल्हेवाट

मी, थेरेसा व्होइचिक, वय अडुसष्ट, राहणार पोलिश हिल, पिट्सबर्ग, त्वचारोग संशोधक (निवृत्त, म्हणजे घालवलेली), कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. कातडी टणक होण्याच्या रोगाने हात आखडले आहेत, फुप्फुसेही निकामी होत चालली आहेत. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी डॅनिएला हिला. तळघरातली आंबवलेल्या कोबीची बरणी उघडण्याआधी तिने खिडकी उघडावी.

२. माझे चिमटे प्रयोगशाळेला. ज्याने बशीत वाढवलेल्या पेशींना बुरशी लागेल त्याने सगळ्यांना डोनट खिलवायचे, हा नियम पुढेही पाळावा.

३. माझे जुने सहकारी डॉ. एमरी टीसडेल यांस काहीही देऊ नये. त्वचेला आधार देणाऱ्या पेशींना हा गृहस्थ जन्मभर 'गादीतला कापूस' म्हणत आला. याच पेशी प्रतिकार करणाऱ्या पेशींना हाका मारून आपल्याच अंगावर घालतात, हे मी दाखवले, तेव्हा म्हणतो, "थेरेसा, कापूस बोलायला लागला की डॉक्टर गाठावा."

४. अपवाद माझ्या कातडीचा. ती टीसडेललाच द्यावी. माणूस हेकट, पण पेशी जिवंत ठेवण्यात असा हात दुसऱ्या कोणाचा नाही. मी गेल्याबरोबर आधी त्याला फोन करावा, मग पाद्रीबाबांना. दंडाच्या कातडीचे तुकडे गुलाबी पोषणद्रवात ठेवावेत. रुग्णालयातली मंडळी सवयीने फॉर्मालिन ओततात. तुकडा दिसतो झकास, आतल्या पेशी मात्र ठार. माझ्या बाबतीत कोणी ओतले तर मी त्याच्या मानगुटीवर बसेन.

५. डॅनिएलाची हरकत नोंदवते. ती म्हणाली, "आई, जन्मभर लॅबमध्येच होतीस. मेल्यावर तरी अख्खी घरी ये ना."

मी म्हटले, "लांब बाह्यांचा झगा घाल मला. कोणाला कळतंय?"

ती उठून गेली. खरे कारण तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे लिहिते.

डॅनी, मागच्या नाताळात गार पाण्यात भांडी विसळताना तुझी बोटे पांढरीफटक पडली आणि तू ती खिशात लपवलीस. माझे असेच सुरू झाले होते. बहुतेकांचे तेवढ्यावरच थांबते. तुझेही थांबो. नाही थांबले, तर त्या पेशी का बिथरतात हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. विज्ञान गेले खड्ड्यात. मला तुझी फार काळजी वाटते, पोरी. त्यांना कापू दे.

ठिकाण: पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: १४ फेब्रुवारी २०१९

सही: थेरेसा व्होइचिक (पेन दोन्ही हातांनी धरून)

आमच्यासमोर सही झाली:
बर्निस ह्रुस्का, शेजारीण
क्लिफर्ड ओडम, निवृत्त पोस्टमन