आडावर लावा

लातूर, बुधवार, चैत्र वद्य षष्ठी

आज पाच दिवसांनी गल्लीत टँकर आला. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं लावू?" तर चार-पाच जण एकदम ओरडले, "आडावर लावा!"

आड कुठाय आता? लातूर जिल्हा झाला त्या साली, साहेबांच्या मोटारी यायला रस्ता रुंद पाहिजे म्हणून आम्हीच तो बुजवला. नारळ, हार, पेढे. शाळेतला गुरुजी म्हणून मुरमाची पहिली पाटी टाकायचा मान मला. केवढा फुशारलो होतो! गल्लीचं नाव मात्र आडगल्लीच राहिलं. तो आड आटलेला कुणी कधी पाहिला नव्हता. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. तरी पहिली पाटी माझीच.

आज मला एक घागर मिळाली. माझ्यामागं शेजारच्या शिवम्माकाकू होत्या, त्यांची पाळी येईतो टँकर रिकामा. मी अर्धी घागर देऊ केली, तर हसून म्हणाल्या, "राहू द्या, गुरुजी. पाणी कुठं जातंय? तुमच्या पाटीखाली हाय की."

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.